आवरलेली टेबलं

६ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पोचले, जेवते, झोपते. तुझे नेहमीचे तीन प्रश्न आधीच संपवले. खोलीतली सोबतीण गुणी आहे, फक्त झोपेत बातम्या देते. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल म्हटल्यावर एवढं चालायचंच.

विषय ठरला. रेडिओ नवा होता तेव्हा मासिकांतल्या जाहिरातींनी तो घराघरांत कसा नेऊन बसवला, हे मला शोधायचंय. इथल्या ग्रंथालयात संगणकावर जुनी मासिकं भराभर उघडतात. मी हरखले. पण आठवडाभर शोधल्यावर लक्षात आलं की आत फक्त लेख आहेत. ज्यांनी पानं संगणकात घातली त्यांनी जाहिराती कचरा समजून वगळल्या. माझं सगळं घबाडच त्या कचऱ्यात! सर म्हणाले की डिसेंबरपर्यंत मूळ मासिकं गाठ, नाहीतर मुकाट्याने विषय बदल. मावशी, तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते जाडजूड बांधलेले खंड आहेत ना गं? तूच आता माझी तारणहार.

आणि हो, काकांनी फोनवर चहाडी केलीय. मी निघाल्यावर तासाभरात तू माझी खोली आवरलीस म्हणे. चार वर्षं राहिले मी तिथे, आणि आता बघणाऱ्याला वाटेल की इथे कुणी राहतच नव्हतं. असं करतात का?

लोभ आहेच. तोही आवरून कपाटात ठेवू नकोस.

तुझीच,
भिंगरी


१९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्राची वाट पाहते. तुझ्या काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. विस्कटलेली चादर बघवेना म्हणून खोली आवरली, दुसरं काही नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की वस्तू जागेवर ठेवली की मन जागेवर येतं. मन काही आलं नाही, ते जाऊ दे.

तुझे खंड माझ्याच माध्यम विभागात आहेत, जाहिरातींसकट. पुष्कळ ठिकाणी बांधताना ती पानं काढून टाकत, खंड फुगतो म्हणून. आमचा बाइंडर पक्का कामचुकार होता. त्याने एकही पान काढायचे कष्ट घेतले नाहीत. देव त्याचं भलं करो.

शोधताना एकच शब्द धरून बसू नकोस. कुणी रेडिओ म्हणे, कुणी बिनतारी यंत्र. आणि जाहिरातीच्या शेजारी काय छापलंय तेही टिपून घे. बाळाच्या पावडरीला खेटून रेडिओ आला, तर तो घरात कुणासाठी आला ते आपोआप कळतं.

आता वाईट बातमी. परवा ग्रंथपालसाहेबांनी बोलावलं. माझे खंड कुणी वापरत नाही, वर्षभराचा वापर जवळजवळ शून्य, असा अहवाल आहे. नोव्हेंबरात समिती बसेल. खंड रद्दीत जातील आणि खोलीत संगणक येतील. मी सांगितलं की अहो, माझ्याकडे मुलांना बसायला जागा पुरत नाही. साहेब भले आहेत, म्हणाले की बाई, तुमचं खरं असेल, पण आकडा काही वेगळंच बोलतो. खंड घरी देत नाही, त्यामुळे नोंद नसते हे कबूल. पण वाचणारी डोकी कुणाला दिसत नाहीत का?

किती वळण लावलंय मी मुलांना! वाचून झालं की खंड जागच्या जागी. संध्याकाळी मुख्य दालनातले मदतनीस भाऊ हातात यंत्र घेऊन फेरी मारतात, माझी लख्ख टेबलं बघतात, हसून मान हलवतात आणि जातात. दिवसभरात मिळते ती एवढीच शाबासकी.

तब्येतीस जप. लोभ कपाटात नाही, उशाशी आहे.

तुझी,
मावशी


२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. उभी असशील तर आधी खुर्ची ओढ.

काल मी इथल्या ग्रंथालयात ओरडा खाल्ला. का, तर वाचलेले अंक नीट उचलून फडताळात लावले म्हणून! तुझं वळण, दुसरं काय. तिथल्या ताई धावत आल्या आणि म्हणाल्या की भिंतीवर एवढी पाटी लावलीय, वाचून झालेलं टेबलावरच राहू द्या, ती दिसत नाही का? मी म्हटलं की मदत करतेय. त्यावर त्या म्हणाल्या की कसली मदत, संध्याकाळी टेबलावर जे पडलेलं असतं तेच आम्ही यंत्राने मोजतो. तू उचलून ठेवलंस म्हणजे ते कुणी वाचलंच नाही.

मावशी, तुझ्याकडचे भाऊ शाबासकी देत नव्हते गं. ते शून्य मांडत होते.

जगात इतका नेटका घोळ फक्त तूच घालू शकतेस. आता माझं ऐक, सगळं पसरू दे. तुझ्या खंडांवर माझा विषय टांगलाय, आणि तुझी खोली तर माझ्या विषयाहून मोठी.

लोभ दुप्पट करावा, ही धाकदपटशाची विनंती.

तुझीच,
भिंगरी


१० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी भाऊंना विचारलं. त्यांना वाटलं होतं की मला माहीतच आहे. बिचारे माझी कीव करून हसायचे, आणि मला ती शाबासकी वाटायची.

मग पाटी लावली. पण मुलं ऐकतील तर शपथ! त्यांना वाटलं बाई परीक्षा बघतायत. एक मुलगी तर मी पाठ फिरवताच चोरून खंड जागेवर ठेवायची. मी तरी काय सांगणार, पहिल्या संध्याकाळी माझेच हात शिवशिवत होते. शेवटी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. भाऊ आले, टेबलं बघून दारातच थबकले, आणि बरं नाही का म्हणून विचारू लागले.

आता मुलांना समजलंय, जरा जास्तच. कालच दोघं न वाचलेले खंडही पसरत होती. ते मात्र मी परत ठेवायला लावले. खोटा आकडा नको. खरा असून दिसला नाही, एवढंच आपलं दुःख आहे.

घरी काकांनी संधी साधली. वर्तमानपत्र, चष्मा, मोजे सगळं जिथल्या तिथे टाकतात, आणि मी उचलायला गेले की मोजणी व्हायचीय म्हणतात.

नोव्हेंबरपर्यंत आकडा सावरेल का, कोण जाणे. तू दुसरा विषय हाताशी ठेव, हे लिहिताना पेन जड होतंय.

लोभ आहे तो आहेच, त्याला समिती लागत नाही.

तुझी,
मावशी


२९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू आधी रडलीस आणि मग निकाल सांगितलास. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात विषय बदलून मोकळीही झाले होते. बाई गं, यापुढे क्रम उलटा ठेव.

आकडा सावरला, खंड राहिले! खिडकीकडची अर्धी खोली संगणकांना गेली, याचं तुला किती लागलंय ते कळलं. तुझी उन्हाची जागा ती. पण मुलं खंडावरून उठून तिथे बसतील आणि संगणकात जे नाही ते तुझ्याकडे येऊन मागतील, बघशीलच तू. सरांना सांगून टाकलं, विषय तोच. मी येतेय. माझं अंथरूण काढून ठेव आणि काकांना म्हणावं मोजे उचला, माझ्या पसाऱ्याला जागा लागेल.

लोभ प्रत्यक्ष येऊनच घेईन.

तुझीच,
भिंगरी


९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली आणि आम्ही दोघं चालतच घरी आलो. आल्या आल्या काकांनी स्वतः मोजे उचलले, यावरून काय ते समज.

विभागात तुझी आठवण निघते. ती चोरून आवरणारी मुलगी विचारत होती की दिवाणखान्यातल्या रेडिओभोवती बसलेल्या कुटुंबाच्या त्या जाहिरातीत आई एकटीच उभी का, हे त्या ताईंनी शोधलं का? मी म्हटलं ती लिहितेय, छापून आलं की वाच. उभी का ते मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. ती आवरत असणार.

तुझ्या खोलीत डोकावले. चादर अर्धी जमिनीवर, उशीखाली तुझी पेन्सिल, खुर्चीवर ओला टॉवेल. टॉवेल तेवढा वाळत घातला, त्याला नाइलाज आहे. बाकी कशाला हात लावला नाही. दार लोटून घेतलं.

कुणी पाहिलं तर कळेल की इथे कुणी राहून गेलंय.

लोभ टेबलावरच ठेवलाय.

तुझी,
मावशी