पांघरुणाखालची घरघर

५ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा खोकला गेला, पण डॉक्टरांनी महिनाभर आवाज जपायला सांगितलंय, आणि फोनवर तू नुसतं हं हं करून माझ्याकडून तासभर वदवून घेतोस. म्हणून पत्र. धाकट्या बहिणीला गप्प बसवणारं औषध अजून निघायचंय, असं तुझी आई म्हणते. तिला सांग, निघालं.

आता कामाचं. अंधांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे. त्यांना वाचक हवेत. मी अख्खी नोकरी बस स्थानकाच्या खोलीत माईकसमोर काढली, अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, एवढंच बोलून. कधीतरी एखादी गोष्ट वाचावी असं फार वाटायचं. निवृत्त झाल्यावर माझा आवाज ऐकायला उरले तुझे काका आणि दूधवाला, आणि दोघंही उत्तर देत नाहीत. संस्थेने नमुन्याचं एक प्रकरण महिनाअखेरपर्यंत मागितलंय. टिल्लू, हे काम मला मनापासून हवंय. चारचौघांत दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, तो आवाज. तो अजून कुणाच्या उपयोगी पडतो का, ते मला बघायचंय.

अडचण अशी की, तू दिलेल्या छोट्या लॅपटॉपचं पोट भरलंय. दोन पानं वाचली की जागा संपली म्हणतो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला डिस्क बदला, आणि एसएसडी हवी की साधी हार्ड डिस्क, असं चहात साखर किती विचारावं तसं विचारून मोकळा झाला. मी म्हटलं, भाच्याला विचारून सांगते.

मी रेकॉर्डिंग कसं करते ते काका तुला तिखटमीठ लावून सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगते. पलंगावर बसते, डोक्यावरून रजई घेते, लॅपटॉप मांडीवर, त्याचाच माईक, आणि पुस्तकावर विजेरी. रजईमुळे रस्त्याचा गोंगाट अडतो. काका म्हणतात, अस्वल अभ्यासाला बसल्यासारखं दिसतं. छातीत अजून बारीक घरघर आहे, हेडफोन लावून ऐकलं की कळते. जाईल हळूहळू.

उत्तर लवकर धाड. माया आहेच, तूही आटू देऊ नकोस.
तुझी,
मावशी


११ जानेवारी

ती. मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. औषधाचं नाव काय, असं तिने दोनदा विचारलं.

तुझ्या प्रश्नाकडे वळतो. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीकसा हात सरकतो. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, सगळं चिपांवर. ती झटकन उघडते, आदळआपट सोसते, बॅटरी कमी खाते. पण तेवढ्याच पैशांत जागा मिळते जेमतेम चौथाई. तुला घाई कुठे आहे? लॅपटॉप सुरू होईपर्यंत तू चहा टाकशील. उलट तुझी पुस्तकं जागा खाणार, आणि तू काही एका पुस्तकावर थांबणारी नाहीस. तेव्हा ऐसपैस हार्ड डिस्क घे, आणि त्यातही जास्त वेगाने फिरणारी माग, म्हणजे जरा चपळ चालेल.

ऑफिसात मी लोकांचे संगणक दिवसभर दुरुस्त करतो, त्यांना फुकटचे सल्लेही देतो. कुणी ऐकत नाही. तू तरी ऐक.

काकांना नमस्कार. अस्वलाचा एखादा फोटो मिळाल्यास उपकार होतील.
तुझा,
टिल्लू


१९ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलीस तीच डिस्क बसवली. जागा इतकी आहे की दुकानदार म्हणाला, आता तुमचं अख्खं वाचनालय मावेल. तुझं काही चुकलं नाही.

पण टिल्लू, घरघर वाढली. आधी नुसती श्वासाच्या तळाशी होती, आता दोन वाक्यांमध्ये थांबले की सरळ ऐकू येते. एकच प्रकरण सात वेळा वाचलं असेन. कोमट पाणी झालं, वाफ झाली, उताणं झोपणं झालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे. भले गृहस्थ आहेत, वय झालेल्या माणसांना सगळे असंच सांगतात.

म्हणून घरात बोलणंच बंद केलंय. पाटी आणलीय, तिच्यावर लिहून दाखवते. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर संस्थेला नकार कळवून टाकणार. ज्याला दिसत नाही त्याला आपण फक्त आवाजच देतो. तो फाटका कसा द्यायचा? वाईट वाटतंय, नाही असं नाही. आईला यातलं काही बोलू नकोस.
तुझी,
मावशी


२० जानेवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

मी आयुष्यभर जमिनीचे नकाशे काढले, पत्रं लिहिली नाहीत, म्हणून थोडक्यात लिहितो. हे पत्र मावशीला माहीत नाही.

तिने मौन धरलंय. लग्न झालं तेव्हा ती घटकाभर तरी गप्प बसावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. आता बसलीय, तर घर खायला उठतं. काल आमचं भांडण झालं तेही पाटीवर. तिचं वाक्य लिहून होईपर्यंत माझी चार बोलून झाली, आणि मी जिंकलो. असं जिंकण्यात काही मजा नाही रे.

दुपारी ती डुलकी घेत होती तेव्हा मी तिच्या छातीपाशी कान नेला. घरघर बिलकूल नाही. तेवढ्यात तिला जाग आली, आणि तिने पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांना ऐकू येत नाही, मला येत नाही. येते ती तिलाच, तीही त्या रजईत केलेलं रेकॉर्डिंग कानाला लावल्यावर. मला भीती वाटते की तिने मनाने घेतलंय. माझं ती ऐकणार नाही. तू तिचा लाडका, तू काहीतरी कर.
काका


२४ जानेवारी

ती. मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. नेहमीसारखा लॅपटॉप रजईत ठेव, रेकॉर्डिंग चालू कर, आणि तू स्वतः खोलीबाहेर निघून जा. चहा घे. परत येऊन ते ऐक.

ऐकलंस? रजईत कुणी नव्हतं, तरी घरघर आहे ना? ती डिस्कची आहे, मावशी, आणि जुनी डिस्कही फिरणारीच होती. चकत्या गरगर फिरतात, असं मीच तुला लिहिलं होतं. त्या लॅपटॉपला पंखा नाही, म्हणून आवाजाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. तू माईक आणि डिस्क एकाच रजईत गुंडाळून बसतेस, हे वाचून मी पोट धरून हसलो, पण डोक्यात उजेड पडला नाही. वर शहाणपणा करून जास्त जोरात फिरणारी घ्यायला लावली. तू छाती शेकत बसलीस ती माझ्यामुळे. काकांनी लिहिलं नसतं तर अजूनही कळलं नसतं. त्यांच्यावर चिडू नकोस, ते फार कासावीस झालेत.

सोबत एसएसडी पाठवली आहे. तिच्यात काही हलत नाही, म्हणून वाजतही नाही. दुकानदार अर्ध्या तासात बसवेल. ती लहान आहे, तेव्हा काढलेली मोठी डिस्क फेकू नकोस. त्याच्याकडून तिला एक डबी घे, वायरने जोडता येते. वाचून झालेली प्रकरणं तिच्यावर टाकायची आणि डबी स्वयंपाकघरात ठेवायची. तिथे तिला हवं तेवढं घरघरू दे.

संस्थेला नकार कळवला नसशील, अशी आशा करतो. कळवला असशील तर मी स्वतः जाऊन त्यांचे पाय धरतो.

तुझा,
मूर्ख टिल्लू


१२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी काम कर म्हणालास, पण मी पत्र शेवटपर्यंत वाचूनच उठले. मग रिकाम्या रजईचं रेकॉर्डिंग केलं आणि आम्ही दोघांनी एकेक हेडफोन कानाला लावून ऐकलं. माझी छाती स्वयंपाकघरात आणि घरघर पलंगावर. काका इतके हसले की त्यांनाच खोकला लागला. मी हसता हसता रडले, ते त्यांना दिसलं नाही असं त्यांनी दाखवलं.

एसएसडी बसवली आणि नमुना पुन्हा वाचला. ऐकताना एक गोष्ट कळली. घरघर गेल्यावर नुसता आवाज उरला, आणि तो पूर्वीचा नाही. थोडा खाली उतरलाय, लांब वाक्याच्या शेवटी किंचित हलतो. त्याचा दोष कुठल्याच डिस्कला देता येणार नाही. न पाठवण्याचा मोह झाला. दिवसभर तशीच बसून राहिले. मग म्हटलं, म्हातारा असला तरी आपला आहे, जाऊ दे. अखेरच्या तारखेला पाठवला.

आज संस्थेचं उत्तर आलं. घेतलंय मला. तिथल्या बाईंनी लिहिलंय की आवाज त्यांना आवडला, फक्त शेवटची गाडी सुटत असल्यासारखं वाचू नका, सावकाश वाचा. पहिलंच पुस्तक दिलंय ते उशाला घेता येईल इतकं जाड, तेव्हा ती डबी लागणारच.

संस्थेचं पत्र वाचलं तेव्हा काका पलीकडच्या खोलीत होते. मी सवयीने पाटी उचलली, लिहायला लागले, मग खाली ठेवली आणि त्यांना हाक मारली. चांगली खणखणीत. शेजारणीने खिडकी उघडली. काका एका कानावर लोंबणारा चष्मा घेऊन धावत आले, काय झालं, काय झालं करत. मी म्हटलं, काही नाही, नुसती हाक मारून पाहिली. ते माझ्याकडे बघत पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, अजून एकदा मार.

तुझी,
मावशी