कडावच्या घरातली एकच खुर्ची

बाबा, इतक्या वर्षांनी तुझ्याशी भांडायला बसलेय. तू होतास तेव्हा तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

आई भाताच्या लावणीत बांधावरून घसरली, खुबा मोडला, मुंबईला नेऊन त्यात लोखंडी गोळा बसवला, हे गावभर तूच सांगत होतास. डॉक्टरांनी तुझ्यासमोर बजावलं होतं की, रोज वॉकर धरून चालवा आणि काही झालं तरी खाली बसू देऊ नका. गोळा निखळला तर बाई पुन्हा उभी राहायची नाही. बसायचं ते उंचावर. आणि आपल्या कडावच्या घरात उंच काय होतं? तुझी हातांची खुर्ची. खाट होती ती झोळ पडलेली, जमिनीला टेकणारी.

सकाळी आई ओसरीवर चार पावलं टाकते, घामाघूम होते आणि वॉकर धरून उभीच राहते. तू पायरीवर दाढी करतोयस, खुर्ची रिकामी आहे. मी म्हणते, "आये, बस ना गं." ती कुजबुजते, "ते घरात हायत. त्यांच्यासमोर खुर्चीवर कशी बसू गं?" तू ऐकलंस. नुसतं 'बस' म्हणाला असतास तरी पुरलं असतं. उलट आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचास, "आपरेशन झालं, पन वळन नाय सोडलं तिनं." डोंबल तुझं वळण! मी कर्जतहून तिच्यासाठी उंच स्टूल आणलं, तर त्यावर तू तुझा रेडिओ ठेवलास.

एक दिवस दमून ती चुलीपुढच्या पाटावर टेकली. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. गोळा निखळला, आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. त्यानंतर ती खाटेवरच राहिली.

तू गेलास तेव्हा लोकांनी तुझा फोटो त्याच खुर्चीवर ठेवून हार घातला. वर्ष झालं तरी तो तिथेच. मी उचलायला गेले, तर आई खाटेवरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्यांची जागा हाय ती." तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता बाबा.

आता आईही नाही. खुर्ची माझ्या शिळफाट्याच्या घरी आहे. माझाही खुबा हल्ली ठणकतो, डॉक्टर म्हणतात, खाली बसू नका. हे पत्र टाकायचं कुठे? ते ट्रंकेतच राहील, कुणी वाचणार नाही. म्हणून सांगते, तुला एवढं बोलले ते सगळं मी जमिनीवर बसूनच लिहिलंय. खुर्ची समोर रिकामी आहे.