वाडीतून आणायच्या तीन वस्तू

मंगळवार, संध्याकाळ. मुरुड.

आज अण्णांना वाडीत पाठवताना मुद्दाम तीन वस्तू सांगितल्या. कढीपत्ता, दोन लिंबं, अळूची पानं. कंपवात झाल्यापासून माझे वडील अर्ध्या वाटेत थांबतात, कशाला निघालो तेच विसरतात. कितीदा खेकसले मी, "लक्ष कुठे असतं तुमचं?" आता लाज वाटते.

माणगावच्या डॉक्टरांनी समजावलं, कपाळामागचा मेंदू हातातलं काम ध्यानात धरून ठेवतो आणि त्यासाठी त्याला डोपामिन लागतं. ते कमी पडलं की पकड सुटते. म्हणजे अण्णांची चूक नव्हतीच. नव्या गोळ्यांनी फरक पडेल, पण खात्री नाही, म्हणाले.

पंधरा मिनिटं झाली तरी अण्णा येईनात. तीन वस्तू जास्त झाल्या का? दोनच सांगायला हव्या होत्या?

आले. पाय घासत, पण तिन्ही वस्तू घेऊन. गोळ्यांचा गुण, की आजचा दिवसच बरा, कोण जाणे. मी खाली मान घालून अळूची पानं पुसत बसले. डोळे भरले होते.

"जन्मभर मास्तरकी केलीय," अण्णा म्हणाले. "परीक्षा घेतलेली कळते मला. उद्या चार सांग."