वाटपमंत्र्याचं लॉकर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकलो आहे, उरलेला मनातून समजून घे). दाजींचा खोकला कसा आहे? कानटोपी घाला म्हणावं त्यांना. माझं ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मला. मी अगदी मजेत आहे, काळजीचं काहीच कारण नाही. तू पाठवलेला बिस्किटांचा डबा पोचला. तसं लगेच कळवायला हवं होतं, पण त्या डब्यापायी कारखान्यात माझी जी शोभा झाली, ती जरा निवल्यावर लिहावं म्हटलं.

तुला ठाऊकच आहे, आम्ही पुठ्ठ्याची खोकी करतो. लोकांची खरेदी जोरात असली की दुकानांना खोकी लागतात आणि आम्हाला ओव्हरटाइम मिळतो. त्या बऱ्या दिवसांत जेवणाची घंटा झाली की सगळे लांब टेबलाभोवती बसायचे, मधोमध एक कोरा पुठ्ठा अंथरायचा आणि प्रत्येकाने आपला डबा त्यावर रिकामा करायचा. कोणी किती आणलं, कोणी किती उचललं, हे बघणारा कोत्या मनाचा ठरायचा. माझ्या डब्यात बारा महिने उकडलेले बटाटे (मला दुसरं काही येत नाही, हे काय तुला सांगायला हवं?). तरी कापणी यंत्रावरचा टेकू, जो उभा राहिला की कशाला तरी टेकतोच, रोज म्हणायचा, "काका, तुमच्या बटाट्यांशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही." धादांत खोटं, पण बरं वाटायचं. घरी माझ्याशी बोलतो तो फक्त रेडिओ, तेव्हा तो अर्धा तास म्हणजेच माझं घरदार होतं, ताई.

मग बाजार बसला. दुकानांना खोकी नकोत, आम्हाला ओव्हरटाइम नाही. काय गंमत बघ, कोणी भांडलं नाही, कोणी नियम बदलला नाही, पण डब्यांची झाकणं अर्धीच उघडायला लागली. कोपर आडवं ठेवून जेवायची एक नवीच पद्धत आली. "एका घासाने कोण गरीब होतं?" म्हणणारा टेकू आता म्हणायला लागला, "ज्याने आणलं त्याने खावं, त्यात वाईट काय?" आमच्या हिशेबनीस बाई तर पूर्वी डबा दुसऱ्यांच्या पुढ्यात सरकवण्यात पटाईत. त्या एक दिवस माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरात दोघं कमावत होतो तेव्हाची गोष्ट वेगळी होती हो." हळूहळू जो तो आपापल्या यंत्रापाशी जेवू लागला. लांब टेबलाशी मी आणि बटाटे उरलो.

मी गप्प बसणारा नव्हे (गप्प बसून बसून कंटाळलोय). पाण्याच्या पिंपाशेजारी स्टुलावर चढून मी भाषण ठोकलं, की बाबांनो, भरल्या पोटी कोणीही वाटतो, खरी वाटायची वेळ आत्ता आहे. ज्यांचे डबे भरलेले त्यांना ते पटलं नाही. ज्यांचे रिकामे त्यांना पटलं, पण डबा उघडून दाखवायची लाज वाटली. टेकू भिंतीला टेकून म्हणाला, "काका, मधे तुम्ही काय टाकणार?" सगळे हसले आणि माझं नाव पडलं वाटपमंत्री. माझ्या लक्षात आलं की माणसाचं मत डोक्यात नसतं, डब्यात असतं. हे मोठ्या तावातावाने सगळ्यांना ऐकवलं, आणि नेमका दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पत्त्यावर तुझा डबा आला.

काय सांगू! झाकण उघडताच वाटपाच्या तत्त्वात मला बऱ्याच त्रुटी दिसू लागल्या. बिस्किटं वाटताना मोडतात. हिशेबनीस बाईंची दाढ दुखते. टेकूला चांगल्या बिस्किटांची किंमत नाही. शेवटी लोकांच्याच भल्यासाठी मी डबा लॉकरमध्ये ठेवला आणि स्टुलावरून भाषणं चालू ठेवली.

मला दगा दिला तो मुंग्यांनी. त्यांची रांग लॉकरमधून निघून, आख्खं खातं ओलांडून, थेट कापणी यंत्राखाली गेली. टेकू आयुष्यात पहिल्यांदा कशाला न टेकता चालला. रांगेमागे तो, त्याच्यामागे सगळं खातं, आणि लॉकरपुढे मी, हात पसरून! माझी चांगलीच जिरली. पण कोणी ओरडलं नाही. हिशेबनीस बाई आधी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग त्यांनीच पुठ्ठा आणून अंथरला. बिस्किटं मधे आली तसे एकेक करून बाकीचे डबेही आले. बटाटेसुद्धा संपले, ताई! टेकूने चक्क माझ्या खांद्याला टेकून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आणि टेबलही. जाता जाता बाई म्हणाल्या, "सोमवारी लॉकरमध्ये काही आहे का हो, वाटपमंत्री? असेल तर येते टेबलाशी." मी म्हटलं, "आहे की!"

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. लॉकरमध्ये काही नाही. सोमवारच्या आत बिस्किटं पाठव, मोठा डबा. तत्त्वाचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा: साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, हे तुला कळवायचं राहिलं. आलेल्या डब्यातलं एकही बिस्किट मी खाल्लेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडायचो, तुझ्या स्वयंपाकघराचा वास घ्यायचो आणि बंद करायचो.

ता. क. तिसरा: तुमच्याकडेही ओढाताण असेल तर रिकामाच डबा पाठव. झाकण मात्र घट्ट बसव. ते उघडेपर्यंत तरी सगळे बसून राहतील.