पाच नारळ आणि राहिलेलं भाषण

ती. सौ. शोभाताईस,

वत्सलाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजी साखर सांभाळतात ना? आणि त्या पाच नारळांचं काय केलंस? (फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर विचारते आहे.)

आम्ही पांडेसऱ्यात मजेत. फक्त मी दिसले की गल्लीतल्या बाया हसू दाबायला तोंडाला पदर लावतात. मंडळाच्या कार्यक्रमात भाषणाआधी तुझी ओळख मी करून द्यायची, म्हणून तू शिकवलं होतंस, 'विदाउट फर्दर अडू' म्हणजे आता आणखी पाल्हाळ न लावता. हे लिहिलं की खालच्या ओळीत फक्त वक्त्याचं नाव. मध्ये दुसरं काही आलं तर वाक्य खोटं पडतं. मी तसंच लिहिलं होतं गं, आणि माइकवर म्हटलंही तसंच. पण अशा टाळ्या पडल्या, की आमच्या मंडळाचे अध्यक्ष गजेंद्रभाऊ उठलेच. एवढ्या भारी इंग्रजीनंतर पाहुणीला नुसतंच बोलायला लावायचं म्हणजे मंडळाचं नाक कापलं जाणार! मग त्यांचा नारळ, आमच्या गावाचा दुसरा. मग शिरपूरकडच्यांचा वेगळा, पारोळ्याकडच्यांचा वेगळा. (इथे मिलमध्ये सगळे एका पंगतीत जेवतात, पण नारळ ज्याच्या त्याच्या गावाचा.) मंडळातल्या चिंधामामांचं गाव राहिलं म्हणून ते रुसून चपला शोधायला लागले, त्यांना परत आणून पाचवा नारळ त्यांच्या हातून दिला. त्यात ज्याच्या हाती माइक जाई, तो आधी 'विदाउट फर्दर अडू' म्हणे आणि मग शाल उलगडे. शेवटी तू घड्याळ पाहिलंस, हात जोडलेस आणि भाषण न करताच उठलीस. ह्यांनी तुला स्कूटरवर उधना स्टेशनला सोडलं, तेव्हा वाटभर फक्त नारळच बोलत होते म्हणे. वर्गात तू अशी गप्प झालीस की पोरं काय करत असतील, देव जाणे.

मागे शेजारच्या धुरपदाबाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "काय वो, तुनी बहीन नुसता नारळ लेवाले उनी व्हती का?" नारळ घ्यायला नव्हे, तू बोलायला आली होतीस. मलाही तुझंच ऐकायचं होतं.

राग गेला असेल तर कळव. नसेल तरी कळव.

तुझी,
वत्सला

ता. क. : खरं काम राहिलंच. धुरपदाबाईंची सून गायत्री साड्यांना खडे लावता लावता दहावीचं वाचते. तिला परीक्षेला बसू द्यायचं का, हे सासूबाई तुझं भाषण ऐकून ठरवणार होत्या. तू कडेवर पोर घेऊन दहावी कशी काढलीस, तेवढंच येऊन सांग. रविवारी, आमच्याच घरी. माइक नाही, मंडळ नाही.

आणखी एक ता. क. : गजेंद्रभाऊंना कुणकुण लागली आहे. "छोटासाच सत्कार" म्हणतात. मी त्यांना दाराबाहेर खुर्ची देणार आहे. गायत्रीने लेकाच्या पाटीवर ते इंग्रजी वाक्य लिहून ठेवलंय, आणि खाली फक्त तुझं नाव. पोराला पाटीला हात लावू देत नाही. आता ते वाक्य खरं करणं तुझ्या हाती आहे.