आठ तासांवरचा मुलगा

ता. ४ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. शाल एक, मोज्यांचे दोन जोड, बाबांचं मनगटी घड्याळ. सोडवायला पोस्टात चाळीस भरावे लागले, इतका खर्च करत जाऊ नकोस. घड्याळ वाटेत आदळलं असावं, साडेसहा तास पुढे होतं. इथल्या वेळेशी जुळवून बाबांच्या हातात बांधलं.

मोजे गुंडाळलेला कागद म्हणजे तुझं गेल्या वर्षीचं तिकीट निघालं. दुपारी दीडला निघून त्याच रात्री साडेनऊला इथे उतरलास, म्हणजे अवघे आठ तास! बाबा म्हणाले, तुझ्या मामाच्या गावाला जायला याहून जास्त वेळ लागतो. बारा हजार किलोमीटर आठ तासांत म्हणजे विमान आहे की बंदुकीची गोळी, असं हे चिडवतात. मी ऐकवलं, वीस वर्षं घरखर्च लिहितेय, माझी वजाबाकी चुकत नाही.

बाबांच्या छातीत मधूनमधून दुखतं. पण हल्ली येईल त्याला सांगतात की मुलगा आठ तासांवर आहे, मला कसली काळजी! देव तुला सुखी ठेवो.

तुझी ताई


ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. परतीचे साडेचौदा तास एकच विचार होता. विमानात बसतोय असा फोन केला तेव्हा तुमच्याकडे सकाळचे सात होते. बाबांनी रात्री साडेनऊपर्यंत दम धरला असता तर!

दुपारी चारच्या सुमारास झोपेतच गेले, एवढंच तू सांगितलंस. पण त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. ते कोणी काढलं? आणि ते बिघडलेलं नव्हतं गं. मी कधी उठतो, कधी निजतो ते बाबांना कळावं म्हणून मुद्दाम माझ्या वेळेवर लावून पाठवलं होतं. रागावू नकोस, पण खरं काय ते लिही.

तुझा धाकटा


ता. ५ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र दोन दिवस देवापुढे ठेवलं, हात लावायचा धीर होईना. साडेचौदा तास हे तीनतीनदा वाचलं. आजवर मी विमानालाच उशीर झाला असं समजत होते. देशोदेशीच्या वेळा वेगळ्या, हे मॅट्रिकला पाठ केलं होतं रे. वजाबाकी करताना आठवलं नाही.

तुझा फोन आला तेव्हा मीच बाबांना सांगितलं की तीनला उतरेल. त्यांनी दाढी करवून घेतली, धुतलेला सदरा मागितला, खाट दाराकडे वळवायला लावली. तीन वाजले, साडेतीन झाले. सारखे मनगट बघत होते. चारला म्हणाले की त्याला यायचं नसेल, उगाच मला आशा लावू नकोस. घड्याळ स्वतः सोडून माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा बोलले नाहीत. झोपेत गेले हे मी खोटं सांगितलं.

त्या घडीला तू निम्मी वाट कापून पुढे आला होतास. मला ठाऊक असतं तर तेवढं तरी त्यांच्या कानात सांगितलं असतं.

घड्याळ साडेसहा तास पुढे करून त्यांच्या फोटोपाशी ठेवलंय. आत्ता त्यात रात्रीचे अकरा झालेत, तू निजला असशील. वेळ बरोबर लागलीय का, आणि ताईवर लोभ उरलाय का, दोन्ही उलट टपाली कळव.

तुझी ताई