नामशेषला दुसरा शब्द

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजी कानाचं यंत्र कानात घालू लागले की अजून खिशातच ठेवतात, ते कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. (ठीक म्हणजे तब्येतीने. बाकीचं पुढे येईल.)

आमच्या संग्रहालयात नवे साहेब आल्याचं तुला कळवलं होतं. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक वस्तूखाली मराठी पाटी हवी, आणि इंग्रजीचं मराठी करणारा तिथे मी एकटा. त्यात पहिलंच दालन आलं ते जगातून गेलेल्या गोष्टींचं. पेंढा भरलेले पक्षी, कासवं, टेलिफोनचा जुना बोर्ड, टाइपरायटर, असं सगळं. इंग्रजीत कुणी एक्स्टिंक्ट, कुणी ऑब्सोलीट, कुणी डिफंक्ट, कुणी नुसतंच व्हॅनिश झालेलं. मी सरसकट ‘नामशेष’ लिहून वेळेवर घरी आलो. दुसऱ्या दिवशी कागद तांबड्या पेन्सिलीने रंगून परत. साहेबांचं म्हणणं, इंग्रजांनी एवढे शब्द उगाच केलेले नाहीत. पक्षी जातो ते वेगळं आणि टाइपरायटर जातो ते वेगळं. (तू तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. खरं सांग, जाणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?)

तीन आठवडे मी त्यातच होतो. ऑब्सोलीटला ‘कालबाह्य’ लगेच सुचलं. डिफंक्टला ‘बंद पडलेले’ असं साधंच ठेवलं. कासवांच्या बाबतीत इंग्रजीत ‘डाय आउट’ होतं, त्याला ‘एकेक करून संपली’ असं केलं आणि घरी मोठ्याने वाचून पाहिलं, तर ही भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, जेवायच्या वेळेला असलं काही वाचत जाऊ नका. पण खरा जमला तो मोठा पक्षी. ‘पूर्वी सर्वत्र आढळे. आता जगात एकही उरलेला नाही.’ ही पाटी साहेबांनाही आवडली.

पाट्या लावायचं काम सुतारकाकांचं. त्यांचा चष्मा त्या आठवड्यात दुरुस्तीला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रिकामा खिळा दिसेल तिथे ते पाटी अडकवत गेले. ‘बंद पडलेले’ पिण्याच्या पाण्याच्या नळावर गेलं. दोन दिवस कुणी पाणी प्यायलं नाही, तिसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि त्याने नळ दुरुस्त करता करता तो खरोखरच बंद पाडला. साहेबांच्या दारावरची नावाची पाटी पॉलिशला गेली होती. त्या खिळ्यावर पक्षी लागला.

दाराला काच आहे. सकाळी शाळेची सहल आली. बाईंनी मुलांना ओळीत उभं केलं, पाटी वाचून दाखवली आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितली. आत साहेब फोनवर होते. मी पलीकडच्या टेबलावरून हे सगळं पाहत होतो, पण पाटी मला दिसत नव्हती. मला वाटलं, साहेबांचा परिचय चाललाय.

पुढची एक मुलगी म्हणाली, “बाई, मग ते फोनवर कुणाशी बोलतायत?”

“असेल त्यांच्यातलंच कुणीतरी,” बाई म्हणाल्या.

“पण एकही उरलेला नाही असं लिहिलंय.”

बाईंनी पाटी पुन्हा वाचली. तेवढ्यात साहेब दार उघडून बाहेर आले, आणि त्यांनीही वाचली.

ते ओरडले नाहीत. दहा दिवसांनी मला टाइप केलेलं इंग्रजी पत्र मिळालं. त्यात माझी काही चूक काढलेली नव्हती, फक्त माझं पद ‘सीझ्ड टू एक्झिस्ट’ असं होतं. साहेबांनी बोलावून खुर्ची दिली आणि जरा अवघडून म्हणाले की फायलीला याचं मराठी लागेल, आणि करणारं दुसरं कुणी नाही. मी तिथेच बसून लिहिलं : ‘हे पद आजपासून अस्तित्वात नाही.’ त्यांनी दोनदा वाचलं. पेन्सिल उचलली नाही.

“हे छान उतरलंय,” ते म्हणाले.

मी थँक्यू म्हणालो, सही केली आणि छत्री घेऊन निघालो.

बाकी विशेष काही नाही. भावोजींना नमस्कार सांग. (मोठ्याने.)

तुझा,
धाकटा

ता. क. हिला मी अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन साडेनऊला निघतो, संग्रहालयाचं तिकीट काढतो आणि त्या पक्ष्यासमोरच्या बाकावर पाचपर्यंत बसतो. महिना झाला. कासवांच्या पाटीत एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, ते आत्ता दिसलं.

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे की, तू चार दिवस ये आणि हिला सांग. मला शब्द सापडत नाही.

ता. क. ३. वन्सं, पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून मी लिहितेय. मला पहिल्याच आठवड्यात सुतारकाकांच्या बायकोने सांगितलं. तुम्ही जरूर या, पण मला कळलंय हे यांना सांगू नका. नोकरी होती तेव्हा ऑफिसात काय झालं विचारलं तर ‘काही नाही’ म्हणायचे आणि पेपर उघडायचे. आता रोज संध्याकाळी चहा घेता घेता तासभर सांगत बसतात. काल यांना बढती मिळाली.